चौदा दिवसांचं इंग्रजी

पुढे मी इंग्रजीच्या बऱ्याच परीक्षा दिल्या, पास झाले, आणि नोकरीची सगळी वर्षं शाळेत मुलींना इंग्रजी शिकवण्यातच गेली. पण "बाई, तुम्ही इंग्रजी कुठे शिकलात?" असं कुणी विचारलं तर मी सांगते, घरी, चौदा दिवसांत. लोकांना वाटतं, बाई फटकळ आहेत, उडवून लावतात. फटकळ मी आहेच, पण हे खरं आहे.

आमचं गाव मुळशीच्या खोऱ्यात, धरणाच्या अलीकडे. साठ सालानंतरची ही गोष्ट. सातवीपर्यंतच्या आमच्या शाळेला त्या जूनमध्ये आठवीचा वर्ग जोडला आणि त्याच्यासोबत इंग्रजी आलं. तेव्हा इंग्रजी आठवीपासूनच असायचं. वर्ग मारुतीच्या देवळात भरायचा आणि मुली आम्ही दोघीच होतो. मास्तर एक वाक्य म्हणत आणि आम्ही हाताची घडी घालून, डुलत डुलत, एका सुरात ते परत म्हणायचो. 'गुड मॉर्निंग सर, आय ॲम व्हेरी वेल, थँक यू सर.' पाढे, श्लोक आणि इंग्रजी, तिन्हींची चाल एकच. ही भाषा कुणाशी तरी बोलायची असते हे मास्तरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. त्यांच्यावरही तशी वेळ कधी आली नसावी.

घरात आम्ही तिघी. आई, वहिनी आणि मी. वडील मी लहान असतानाच वारले होते, आणि दादा पुण्याला कारखान्यात होता. तो महिन्या-दोन महिन्यांनी एक दिवस यायचा. शेत, म्हैस, देणंघेणं, सोयरीक, सगळं आई बघायची आणि तिच्या शब्दाबाहेर घरात कुणी नव्हतं. वहिनीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला आई नव्हती. सावत्र आईकडे कुठं पाठवायची, म्हणून ते आमच्याकडेच व्हायचं ठरलं होतं.

गणपती झाले, भात निसवायला लागलं, आणि वहिनीचे पाय सुजले. आधी मला वाटलं, दिवसभर चिखलात उभी असते म्हणून असेल. मग एका संध्याकाळी मी तिचे पाय चेपत होते तेव्हा पाहिलं, जोडवी बोटांत रुतली होती. दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. "वैनी, काढ ती," मी म्हणाले. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "वन्सं, काय बी बोलू नगा. सवाशिणीनं जोडवी काढत्यात व्हय?" मी अंगठ्यानं घोट्याच्या वर दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी बोट काढलं तरी तो भरून येईना.

असे पाय मी आधी पाहिले होते. आदल्या वर्षी आमच्या शेजारणीचे असेच सुजले होते. तिलाही आठवा महिना होता. मग तिचं डोकं दुखायला लागलं, मग डोळ्यांपुढं काजवे, आणि एक दिवस चुलीपुढं बसल्या बसल्या तिला झटके आले. लोक म्हणाले, बाहेरचं आहे. देवऋषी येईपर्यंत ती आणि पोटातलं पोर दोन्ही गेली. मी तेरा वर्षांची होते आणि मला बाहेरचं-आतलं काही कळत नव्हतं, पण ते पाय मी विसरले नव्हते.

मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. "गरवारपनात पाय सुजत्यात. तू शाळंचं बग." मी शेजारणीचं नाव काढलं तशी तिनं हातातली भाकरी परातीत टाकली आणि उठून माझ्या तोंडावर हात दाबला. पिठाचा हात. "दिवेलागनीला असलं त्वांडातनं काडतीस? पोटुशीच्या घरात?" आमच्याकडे हे फार कडक होतं. पोटुशी बाईबद्दल वाईट बोलायचं नाही, शंका काढायची नाही, आजाराचं नाव घ्यायचं नाही. बोललं की ते घडतं. म्हणून बायांना काहीही विचारा, उत्तर एकच, 'बरं हाय'.

त्या दिवसांत पुण्याहून मिशनच्या दवाखान्याची गाडी एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी गावात यायची आणि चावडीपुढच्या चिंचेखाली थांबायची. गाडीत एक गोऱ्या डॉक्टरीणबाई आणि एक कंपाउंडर असायचा. बाईंना मराठीचे दहा-बारा शब्द यायचे. बाकी सगळं कंपाउंडरमार्फत. पायाला खिळा लागला, पोराला हगवण झाली, असल्या गोष्टींना ते ठीक होतं. पण कंपाउंडर पुरुष होता, आणि त्याची सासुरवाड आमच्याच गावात होती. बायका त्याच्यासमोर पदर पुढं ओढून उभ्या राहायच्या आणि खोकला सोडून दुसरा आजार सांगायच्या नाहीत.

त्या गुरुवारी आई डोळ्यांत घालायचं औषध आणायला गेली, आणि वहिनी व मी तिच्या मागं उभ्या होतो. डॉक्टरीणबाईंचं लक्ष वहिनीच्या पोटाकडे गेलं. "कशी आहे?" त्यांनी तोडक्या मराठीत विचारलं. वहिनी खाली बघून म्हणाली, "बरं हाय." कंपाउंडर लगेच म्हणाला, "शी इज वेल, मॅडम." बाई हसल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. लुगड्याच्या आत वहिनीचे पाय कसे झालेत हे तिथं फक्त आम्हा तिघींना माहीत होतं, आणि त्याचा अर्थ आईलाही कळत होता, असं मला आता वाटतं. गाडी गेली. मी बोटं मोजली, चौदा दिवस. बाईंशी मधल्या माणसाशिवाय बोलायचं तर त्यांच्या भाषेत बोलायला हवं होतं, आणि ती भाषा सगळ्या गावात शिकत होते ते आम्ही पंधरा-वीस जण, रोज डुलून डुलून.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना विचारलं, "पाय सुजलेत याला इंग्रजीत काय म्हणायचं?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाचे सुजले?" मी म्हणाले, म्हशीचे. वर्ग खिदळला. मास्तरांकडे वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला एक छोटा शब्दकोश होता. तो त्यांनी काढला, आणि मला 'स्वोलन' हा शब्द मिळाला. वहिनी आता डोकं फडक्यानं आवळून बांधायला लागली होती, दिवसा डोळ्यांपुढं काजवे दिसतात असं मला हळूच म्हणाली होती. शनिवारी मी डोकेदुखी विचारली. "म्हशीचं डोकं दुखतंय हे तुला म्हशीनं सांगितलं का?" मास्तर म्हणाले. मग मला स्वतःचं डोकं दुखतंय असं सांगावं लागलं. त्यांनी 'हेडेक' दिला आणि घरी जाऊन पड म्हणाले. डोळ्यांपुढं काजवे दिसणं हे त्यांच्या कोशात सापडेना. धड्यात चांदण्या होत्या, त्या मी घेतल्या. वहिनीला काय म्हणायचं तेही पुस्तकात नव्हतं, तिथं फक्त भाऊ आणि बहीण होते. मी तिला बहीण केली. शेवटी मी मरणे हा शब्द विचारला. मास्तरांनी कोश मिटून ठेवला. मग म्हणाले, "डाय. पण मुली, म्हशीसाठी एवढं इंग्रजी लागत नाही." त्यांना काय कळलं होतं कोण जाणे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. डाय हा शब्द मी वहीत शेवटच्या पानावर लिहिला आणि तो वापरायचा नाही असं ठरवलं.

बाकीची वाक्यं मी पाठ करायला लागले. 'माय सिस्टर इज नॉट वेल. हर फीट आर स्वोलन. हर हँड्स आर स्वोलन. शी हॅज हेडेक एव्हरी डे. शी सीज स्टार्स इन द डे.' ओढ्यावर धुणं धुताना, गवत कापताना, म्हशीला पाणी दाखवताना. घरात चुलीपुढं बसून मी ती मोठ्यानं म्हणायचे, आणि आई कौतुकानं ऐकायची. आल्यागेल्याला सांगायची, "आमची पोरगी विंग्रजी फाडफाड बोलतीया." शेजारच्या म्हातारीला बोलावून तिनं मला एकदा सगळं म्हणायला लावलं. म्हातारीनं कानावर बोटं मोडली. वहिनी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. "काय म्हनत्यात वन्सं त्यात?" तिनं विचारलं. "धडा हाय," मी म्हणाले. तिच्याबद्दलच सगळं, तिच्यासमोर, आणि ती हसून ऐकत होती. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून गोठ्यात गेले.

दिवस पुढं सरकेनात. वहिनीचा चेहराही सुजला, डोळे बारीक झाले, बांगड्या मनगटात घट्ट बसल्या. आई म्हणाली, अंगानं भरलीया. दहाव्या दिवशी वहिनी हंडा घेऊन आत येताना चौकटीवर आपटली. भर दुपारी, उघड्या दारात. हंडा पडला, पाणी घरभर झालं. "अंधार हाय आत," ती म्हणाली. आईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पाणी पुसायला लागली. त्या दिवसापासून मी शाळेत जायचं बंद केलं. वहिनीच्या मागं मागं हिंडायचे. तिनं चुलीत लाकूड घातलं तरी मी तिचा पदर धरून बसायचे.

गुरुवार उजाडला आणि गाडी येईना. वरच्या अंगाला रात्री पाऊस झाला होता, ओढ्याला पाणी होतं. दहा वाजले, अकरा वाजले. मी चिंचेखाली जाऊन उभी राहायचे, पळत घरी येऊन वहिनीला बघायचे, पुन्हा चिंचेखाली. बाराच्या पुढं हॉर्न वाजला. आता वहिनीला न्यायचं कसं? आईला मी थाप मारली. पोटुशी बायांना दुधाच्या भुकटीचा डबा देतायत, पण पोटुशी स्वतः समोर दिसली पाहिजे. आई लगेच तयार झाली. आईशी खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही, याचं मला तेव्हाही नवल वाटलं.

रांग मोठी होती. आमची पाळी आली तेव्हा कंपाउंडर मागच्या टेबलावर बाटल्या भरत होता. मी आईच्या पुढं झाले. हाताची घडी घातली. आणि तोंड उघडलं तर बाहेर काय पडलं, 'गुड मॉर्निंग मॅडम, आय ॲम व्हेरी वेल, थँक यू मॅडम.' कारण त्याच्याशिवाय आमचं इंग्रजी सुरूच व्हायचं नाही. डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. "ओह, व्हेरी गुड!" त्या म्हणाल्या. मी पुढं म्हणत गेले, त्याच चालीत, डुलत. 'माय सिस्टर इज नॉट वेल. हर फीट आर स्वोलन.' बाई मान डोलवत होत्या. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, काय पोरगी हाय. मी पाचही वाक्यं संपवली, एक चूक न करता, आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या लोकांनीही वाजवल्या. आईचा ऊर भरून आला होता. बाईंनी डब्यातून एक पेपरमिंट काढून माझ्या हातावर ठेवलं आणि माझ्या मागच्या माणसाला पुढं या म्हणून खूण केली.

चौदा दिवस मी जे जमवलं होतं ते त्यांनी शाळेतला पाठ म्हणून ऐकलं होतं. त्यांची तरी काय चूक? मी तसंच म्हटलं होतं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं इंग्रजी बोलतात हेच मला ठाऊक नव्हतं. हातातलं पेपरमिंट चिकट व्हायला लागलं. मागचा माणूस पुढं आला, आईनं वहिनीला म्हटलं, "चल, डबा कंपाउंडरकडं मिळंल." मला राग आला. बाईंचा, आईचा, मास्तरांचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

मी पेपरमिंट खाली टाकलं, बाईंचा हात मनगटाशी धरला आणि त्यांना खाली ओढलं. मग वहिनीचं लुगडं घोट्यावरून वर केलं, चारचौघांत, आणि बाईंचा अंगठा तिच्या पायावर दाबला. "नो वेल," मी म्हणाले. चाल गेली होती, वाक्यही गेलं होतं. "नो वेल. नो वेल."

बाईंनी अंगठा उचलला आणि पायाकडे बघत राहिल्या. त्यांनी वहिनीचा चेहरा हातांत धरून उजेडाकडे वळवला, पापणी खाली ओढली. मग हाताला पट्टा बांधून फुगवला, काटा पाहिला, पुन्हा फुगवला, पुन्हा पाहिला. कंपाउंडर धावत आला. बाई त्याच्याशी भराभर बोलल्या. तो आईला म्हणाला, "काकी, बाई म्हणतायत, जरा पुण्याला दवाखान्यात नेऊन दाखवू. तशी काळजी न्हाई." गावचा जावईच तो, त्याला तरी कुठं वाईट बोलवत होतं. आई म्हणाली, "काळजी न्हाई तर कशापायी न्यायची? आमची सुईन हाय." तिनं वहिनीचा दंड धरला.

डॉक्टरीणबाईंनी कंपाउंडरला बाजूला सारलं आणि माझ्यासमोर बसल्या. एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "टेल मदर. हॉस्पिटल. टुडे. नो हॉस्पिटल, शी विल डाय."

तो शब्द माझ्या वहीत होता. मला वाटलं होतं, अवघड आहे ते इंग्रजी बोलणं. इंग्रजीत मी वहिनीला चौदा दिवस चुलीपुढं आजारी म्हटलं होतं आणि काही वाटलं नव्हतं. आता हे आमच्या बोलीत म्हणायचं होतं, आईच्या तोंडावर, वहिनी शेजारी उभी असताना. बोललं की घडतं हे मीही मानत होते. तेव्हा पुरतं मानत होते. बाई थांबल्या होत्या. मी म्हणाले, "आये, हिला आज न्हेली न्हाई तर ही मरंल."

आईनं माझ्या थोबाडीत मारली. "जीभ झडंल तुजी," ती म्हणाली. मग वहिनीनं आईच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला. लग्न होऊन आल्यापासून तिनं आईचा हात असा कधी सोडवला नव्हता. "आत्याबाई," ती म्हणाली, "मला कालपासनं मानसांची त्वांडं दिसंनात." आणि हातानं चाचपडत गाडीच्या पायरीकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला वर घेतलं. आई जागच्या जागी उभी होती. गाडी सुरू झाली तेव्हा ती माझ्याकडे न बघता चढून आत बसली.

मी एकटी मागं राहिले. म्हशीचं केलं, शेजारच्या म्हातारीनं दिलेली भाकरी खाल्ली, आणि दिवसभर माझ्याच जिभेला शिव्या देत बसले. अकरा दिवसांनी दोघी परत आल्या. वहिनी वाळलेली, पांढरी, पण जिवंत. हात रिकामे होते. मुलगा झाला होता, एक दिवस जगला. झटके गाडीतच सुरू झाले होते, असं वहिनीनं मला मागाहून सांगितलं. घरी असती तर ती राहिली नसती हे मला कळत होतं. आईनं मात्र पुढचं दीड वर्ष माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. माझ्यादेखत ती शेजारणींना म्हणायची, "पोरगी बोलली आनि प्वार गेलं." मला ते खोटं आहे असं म्हणता येत नव्हतं. मी बोलले होते, आणि पोर गेलं होतं.

मग वहिनीला पुन्हा दिवस राहिले. पाचवा महिना होता. गुरुवारी गाडीचा हॉर्न वाजला तशी आई गोठ्यातून हात न धुताच आली. एका हातानं तिनं वहिनीला धरलं, दुसऱ्यानं माझं मनगट, आणि आम्हाला रांगेतून ओढत नेऊन डॉक्टरीणबाईंपुढं उभं केलं. कंपाउंडर शेजारीच होता. आईनं पदर पुढं ओढला नाही. "म्या सांगते ते समदं बाईला सांग," ती मला म्हणाली. "हिचं डोकं दुकाया लागलंय. मागलं प्वार आठव्यात झालं, एक दिस जगलं. झटकं आलं व्हतं." एवढं सगळं, मोठ्यानं, पुरुषांदेखत. मी सांगत गेले. आता मला बोलता येत होतं, चालीशिवाय. बाईंनी सगळं लिहून घेतलं.

मी वळायला लागले, पण आईनं मनगट सोडलं नाही. तिचा आवाज खाली आला होता. "आनि सांग, माजी बी दोन अशीच गेली. तुज्या दादाच्या आदी. दोगं बी ल्योकच व्हतं. मलाबी तवा असंच दिसंना झालं व्हतं. कुनाला सांगितलं न्हाई म्या."

वहिनीनं मान वर केली. हे तिला माहीत नव्हतं, मला नव्हतं, दादालाही नसावं. वाक्य सोपं होतं, त्यातले सगळे शब्द मला येत होते. बाई पेन धरून माझ्याकडे बघत होत्या, आई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या तोंडातून काही निघेना.

"का गं?" आई म्हणाली. "येत न्हाई व्हय येवढं?"

"येतं," मी म्हणाले. पण ते सांगायला मला फार वेळ लागला. बाई थांबल्या. रांगही थांबली.